स्कॅनवरची जाळी जात नाही? आधी ती नक्की कुठं आहे ते बघा

तक्रार साधारण अशी असते. घरातल्या जुन्या निगेटिव्ह बाहेर काढल्या, मऊ कापडाने पुसल्या, स्कॅन केल्या. फोटोवर बारीक धाग्यांची जाळी, ठिपके आणि धुरकट ढग दिसले. पुन्हा पुसून पुन्हा स्कॅन केलं तरी जाळी तिथंच, उलट एकदोन ठिकाणी वाढलेली. स्कॅनरमधली धूळ काढणारी सोय चालू केली तर धागे गेले नाहीत आणि चेहरे मात्र मेणासारखे झाले. बरं, ज्या निगेटिव्ह मेहनतीने साफ झाल्या, त्यांच्यावर पुढच्या पावसाळ्यानंतर परत पांढरी लव. मुंबई, कोकण आणि गोव्याकडच्या घरांमध्ये गणपती होऊन पाऊस ओसरला आणि कपाटं उघडली की हा प्रकार हमखास समोर येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की या सगळ्याला आपण सरसकट ‘बुरशी’ म्हणतो आणि तिथंच गडबड होते. स्कॅनवर दिसणारी खूण काचेची असू शकते, फिल्म आणि काच यांच्यामधल्या हवेची असू शकते, फिल्मच्या पाठीवरची असू शकते, किंवा चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थरच खाल्ला गेलेला असू शकतो. यातल्या एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो. म्हणून कापसाला हात लावायच्या आधी निदान करा, आणि निदानाच्याही आधी निगेटिव्ह जशी आहे तशी स्कॅन करून ठेवा. घाण, धागे, ठिपके, सगळ्यासकट. फक्त रबरी ब्लोअरने सुटी धूळ उडवा, बाकी काही नको. बुरशी जिलेटिनवर जगते आणि ते खाताना त्याचं रूप असं बदलते की एरवी पाण्यात फक्त फुगणारा थर आता पाण्यात विरघळू लागतो. साफसफाईत चित्राचा तुकडा निघून गेला तर ती पहिली घाणेरडी स्कॅन हीच त्या फोटोची एकमेव प्रत असणार आहे.

निदान

एकच फ्रेम दोनदा स्कॅन करा. पहिल्या स्कॅननंतर निगेटिव्ह उचला, थोडी सरकवून परत ठेवा आणि पुन्हा स्कॅन करा. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून मोठी करून बघा. जी खूण माणसाच्या चेहऱ्याबरोबर सरकली ती फिल्मवरची. जी खूण काचेवर जिथल्या तिथं राहिली आणि चेहरा तिच्याखालून सरकला, ती स्कॅनरच्या काचेवरची, किंवा काचेच्या आतल्या बाजूला बसलेल्या धुरकट थराची. आणि जिचा आकारच दुसऱ्या वेळी बदलला, ती बहुधा न्यूटनची वलयं.

ही वलयं अनेकांना बुरशीचे डाग वाटतात. फिल्मची पाठ गुळगुळीत, चकचकीत असते. ती काचेला जवळजवळ टेकली की मध्ये हवेचा अतिशय पातळ थर उरतो, त्याच्या दोन्ही बाजूंनी परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि नागमोडी, एकात एक पट्टे उमटतात. रंगीत स्कॅनमध्ये ते इंद्रधनुषी दिसतात, कृष्णधवलमध्ये करडे. पुसून ते कधीच जाणार नाहीत, कारण पुसण्यासारखं तिथं काही नसतंच. उपाय साधा आहे. फिल्मची इमल्शनची, म्हणजे चित्र धरणाऱ्या जिलेटिनच्या थराची, बाजू चकचकीत नसते, ती थोडी मंद असते. ती बाजू काचेकडे करा आणि आलेलं चित्र सॉफ्टवेअरमध्ये उलटवून घ्या. कडेचे आकडे आणि अक्षरं सुलटी वाचता येत असतील तर तुमच्याकडे चकचकीत पाठ आहे, उलटी दिसत असतील तर इमल्शन. फिल्म वाकलेली असेल तर तिची पोकळ बाजू बहुधा इमल्शनची. स्कॅनरचा होल्डर, म्हणजे फिल्म धरणारी चौकट, असेल तर तो वापरा, म्हणजे फिल्म काचेला टेकणारच नाही. ती सपाट करायला वरून साधी काच मात्र ठेवू नका, वलयं दुप्पट होतील. त्यासाठी एका बाजूने किंचित खरखरीत केलेली, अशी वलयं न पडणारी काच मिळते.

खूण फिल्मवरचीच आहे हे ठरल्यावर दुसरी तपासणी, आणि मला ही सगळ्यात मोलाची वाटते. निगेटिव्हपासून सुलट केलेल्या, म्हणजे पॉझिटिव्ह, फोटोत धागा पांढरा दिसतो की काळा? निगेटिव्हवर काही बसलेलं असलं, मग ती धूळ असो की बुरशीचा धागा, तर ते प्रकाश अडवतं, आणि सुलट चित्रात तिथं पांढरं दिसतं. म्हणजे पांढरी खूण निघण्याची निदान आशा असते. (पाठीवरचे ओरखडेही प्रकाश विखुरतात, म्हणून तेही पांढरे दिसतात, ते अर्थात पुसून जात नाहीत.) उलट इमल्शन खाल्लं गेलं, कृष्णधवल चित्र ज्या चांदीच्या कणांचं असतं ती चांदीच नाहीशी झाली, तर तिथून प्रकाश आरपार जातो आणि सुलट चित्रात काळा धागा किंवा काळा ठिपका उमटतो. काळी खूण म्हणजे तिथलं चित्र गेलं. जगातला कोणताही द्राव ते परत आणणार नाही, त्यामुळे काळ्या खुणांच्या जागी घासत बसणं म्हणजे उरलेलंही घालवणं. स्लाइडवर चित्र मुळातच सुलट असतं, म्हणून तिचं गणित बरोबर उलटं: वर बसलेली घाण काळी दिसते आणि गेलेलं इमल्शन उजळ.

तिसरी तपासणी डोळ्यांनी करायची. निगेटिव्ह काळ्या कागदावर धरा, टॉर्चचा उजेड अगदी तिरपा पाडा, आणि दोन्ही बाजू बघा. फक्त चकचकीत पाठीवर लव दिसली तर नशीब चांगलं. मंद बाजूवर फांद्या फुटल्यासारखी नक्षी कोरलेली दिसली तर बुरशी थरात शिरली आहे. कडेकडेने निळसर धातूसारखी चमक दिसली तर ती बुरशी नाही. जुन्या कृष्णधवल निगेटिव्हमधली चांदी वर्षानुवर्षांच्या हवेने पृष्ठभागावर येऊन तशी चमकते. आरपार उजेडात ती फारशी दिसत नाही, तिला हात लावू नका.

याच तिरप्या उजेडात चेहऱ्याचा भाग नीट बघा. जुन्या स्टुडिओत निगेटिव्हवरच रिटचिंग व्हायचं. गालांवरचे डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं बारीक टोकाच्या पेन्सिलीने भरली जायची, आणि पेन्सिल धरावी म्हणून आधी तिथं एक चिकट लेप दिला जायचा. कुठं लाल रंगाने पार्श्वभूमी अडवलेली असते. हे सगळं अल्कोहोलने उतरू शकतं. त्या काळच्या कारागिराचा हात त्या फोटोचा भाग आहे असं मी मानतो, म्हणून अशा निगेटिव्हची इमल्शनची बाजू मी पुसतच नाही. जे काय करायचं ते स्कॅनमध्ये.

धूळ काढणारी सोय का चालत नाही

स्कॅनरमधली ही सोय अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशावर चालते, डिजिटल आईस या नावाने ती बऱ्याच ठिकाणी दिसते. रंगीत निगेटिव्ह आणि नेहमीच्या रंगीत स्लाइडमध्ये चित्र रंगद्रव्यांचं असतं, आणि अवरक्त प्रकाश त्यातून जवळजवळ आरपार जातो. धूळ आणि ओरखडे मात्र त्याला अडवतात. म्हणून यंत्राला दोष वेगळे दिसतात आणि ते बुजवता येतात. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चित्र खुद्द चांदीचं असतं. चांदी अवरक्त प्रकाशही अडवते, त्यामुळे यंत्राला सगळं चित्रच धूळ वाटतं आणि ते माणसाचे डोळे, केस, साडीचे काठ पुसायला लागतं. चेहरे मेणासारखे होतात ते यामुळे. ओर्वो असो, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू असो की आणखी कुठली, चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर ही सोय बंद ठेवा. कोडाक्रोम स्लाइडवरही ती धड चालत नाही. एक अपवाद आहे: रंगीत निगेटिव्हच्याच रसायनात धुतल्या जाणाऱ्या काही कृष्णधवल फिल्म होत्या, त्यांच्यात शेवटी रंगद्रव्यच उरतं, म्हणून तिथं ती चालते. रंगीत निगेटिव्हवरही बुरशीने थर कोरला असेल तर तिच्याकडून अर्धंच काम होतं, कारण बुजवायला शेजारचा तपशीलच शिल्लक नसतो.

साफ करायचं ठरलंच तर

पाणी नको. ओलं कापड नको, साबण नको, तोंडाची वाफ तर अजिबात नको. बुरशी न लागलेली निगेटिव्ह पाण्यात धुता येते हे खरं, पण बुरशी लागलेल्या निगेटिव्हवर तो प्रयोग केला की चित्र ओघळून जाऊ शकतं.

लागतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि तेही ९९ टक्क्यांचं. सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. औषधांच्या दुकानात सहज मिळतं ते ७० टक्क्यांचं, म्हणजे उरलेला जवळजवळ सगळा भाग पाणीच. कोरोनाच्या काळातला उरलेला सॅनिटायझर काही जण वापरतात. त्यात पाणी तर असतंच, शिवाय हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन असतं, आणि ते फिल्मवर चिकट थर धरून बसतं. बाटलीवरची टक्केवारी वाचल्याशिवाय घेऊ नका. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला, इतर शहरांत प्रयोगशाळांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानांत शुद्ध मिळतं. नेलपॉलिश काढायचा द्राव आणि थिनर मात्र लांब ठेवा. त्यातलं अ‍ॅसिटोन फिल्मचा बेस, म्हणजे इमल्शनखालची प्लॅस्टिकची पट्टीच, विरघळवतं.

काम घराबाहेर किंवा गॅलरीत करा, नाकाला मास्क लावा, आणि बाकीच्या निगेटिव्ह त्या खोलीतही ठेवू नका. कोरडी बुरशी झटकली की तिचे बीजाणू उडतात, आणि शेजारच्या पाकिटात जाऊन बसतात. आधी मऊ ब्रशने पाठीवरची लव एकाच दिशेने काढा. मग कापसाचा बोळा अल्कोहोलमध्ये बुडवून पिळा, ओघळ येता कामा नये. चकचकीत पाठीवरून हलक्या हाताने एकदा फिरवा, बोळा टाकून द्या, नवा घ्या. तोच बोळा परत फिरवला की त्यातले कण ओरखडे काढतात.

इमल्शनच्या बाजूला जायचं की नाही हे कडेवर ठरवा. फ्रेमच्या बाहेर जी चित्र नसलेली पट्टी असते, तिथं बुरशी लागलेल्या जागी बोळा टेकवा आणि उचला. बोळ्याला करडा किंवा रंगीत डाग लागला, किंवा ती जागा चिकट वाटली, तर तिथंच थांबा. बोळा स्वच्छ निघाला तर चित्रावर, न दाबता. रंगीत निगेटिव्ह आणि स्लाइडच्या बाबतीत मी आणखी हात आखडता घेतो.

काचेत बंद केलेल्या स्लाइड असतील तर त्या उघडाव्या लागतात. काचा धुळीपासून वाचवतात, पण ओल आत कोंडून ठेवतात, आणि वलयं पडतात ती वेगळीच. फिल्म काढून घ्या, काचा वेगळ्या धुवा, आणि फिल्म परत बसवायची तर साध्या प्लॅस्टिकच्या चौकटीत. काढताना ती काचेला चिकटलेली निघाली तर ओढू नका. काचेसकटच स्कॅन करा.

पाकीट उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तो वेगळा आजार आहे आणि तो बुरशीपेक्षा घाईचा. असिटेटचा बेस उष्णतेने आणि दमटपणाने तुटायला लागला की असिटिक आम्ल सुटतं, आणि तेच आम्ल उरलेल्या बेसची तूट वाढवतं. ट्रायअसिटेट फिल्म १९४८ मध्ये आली आणि दहा वर्षांच्या आत ती अशी खराब होत असल्याची पहिली खबर कोडॅककडे गेली ती भारत सरकारच्या साठ्यातून, उष्ण आणि दमट जागेत ठेवलेल्या फिल्मबद्दल. आपल्या हवेत हा धोका किती जवळचा आहे ते यावरून कळावं. असा वास येणाऱ्या निगेटिव्ह बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळ्या करा आणि रांग मोडून आधी त्याच स्कॅन करा. पुढं बेस आकसतो, इमल्शनला सुरकुत्या पडतात, आणि मग कोणत्याही काचेखाली ती सपाट होत नाही.

उरलेली जाळी स्कॅनमध्ये काढताना

स्कॅन १६ बिटमध्ये, टिफ म्हणून ठेवा, धार वाढवणारी सोय बंद ठेवा. ३५ मिमीची फ्रेम २४ बाय ३६ मिमीची असते, २४०० पीपीआयला (इंचाला २४०० पिक्सेल) तिचं साधारण ३४०० बाय २२६० पिक्सेलचं चित्र येतं, घरगुती छपाईला ते पुरतं. आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यातली १२० नंबरच्या रुंद फिल्मवरची चौकोनी फ्रेम याच आकड्याला ५००० पिक्सेलच्या पुढं जाते. स्कॅनरच्या खोक्यावर छापलेला मोठा आकडा बघून ६४०० ला स्कॅन करू नका. घरगुती फ्लॅटबेडची काच आणि भिंग तेवढा तपशील देत नाहीत, फक्त फाइल फुगते आणि बुरशी अधिक ठसठशीत होते.

कॅमेरा आणि खालून एलईडी पॅनल अशी मांडणी असेल तर एक युक्ती फार उपयोगी पडते. नेहमीचा फोटो घेतल्यावर काहीही न हलवता खालचा उजेड बंद करा, पॅनलवर काळा कागद सरकवता आला तर उत्तम, आणि टॉर्च बाजूने अगदी तिरपी धरून दुसरा फोटो घ्या. पृष्ठभागावरची बुरशी, धूळ, ओरखडे त्यात उजळून उठतात. हा दुसरा फोटो पहिल्यावर थर म्हणून ठेवला की कुठली रेघ बुरशीची आणि कुठली चित्रातली हे डोळ्यांसमोर येतं. चित्राची पुसट छायाही त्यात येते, त्यामुळे नुसत्या त्याच्या भरवशावर यंत्राला मोकळं सोडता येत नाही, पण नकाशा म्हणून तो पक्का असतो.

हा नकाशा का लागतो, ते लग्नाच्या फोटोत कळतं. नवऱ्यामुलाच्या कपाळावरून दोन्ही बाजूंनी मुंडावळ्या खाली आलेल्या असतात, मोत्यांच्या बारीक सरी. बुरशीचे धागेही तेवढेच बारीक, तसेच वळणारे, आणि कितीदा त्याच गालावरून गेलेले. आपोआप दुरुस्ती करणाऱ्या साधनाला दोन्ही सारखेच. ते सर तोडतं, किंवा बुरशीचाच धागा मोत्यांनी सजवून पूर्ण करतं. नवरीच्या नथीचंही तेच. नाकाजवळचा ठिपका म्हणून ती सफाचट होते. म्हणून फोटो दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला हीलिंग ब्रश छोटा ठेवा, दोषापेक्षा जेमतेम मोठा, आणि वेगळ्या थरावर काम करा. आधी भिंत, आकाश, जमीन उरका. दागिने, डोळे, बोटं, साडीचे काठ शेवटी, आणि तिथं ब्रशऐवजी शेजारचा भाग जसाच्या तसा उचलणाऱ्या क्लोन स्टँपने, आकाराच्या दिशेनेच.

चेहरा ‘सुधारून’ देणारी एआय साधनं मी कौटुंबिक फोटोंवर वापरत नाही. गेलेल्या इमल्शनच्या जागी ती डोळा बसवतात, सुबकही बसवतात, पण तो डोळा त्या आजीचा नसतो. काळ्या खुणेने अर्धा ओठ गेला असेल तर त्याच समारंभातली दुसरी फ्रेम शोधा, तिथला ओठ आणता येतो. नसेल तर थोडी जागा पुसट राहू द्या. घरच्यांना ते चालतं. परकं माणूस चालत नाही.

परत येऊ नये म्हणून

साफ केलेली निगेटिव्ह त्याच जुन्या पाकिटात परत ठेवली की बुरशी परत येते, यात नवल नाही. पाकीटच बीजाणूंनी भरलेलं असतं. स्टुडिओच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेली नावं, तारखा, नंबर आधी फोटो काढून जपा, मग निगेटिव्ह पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या नव्या कव्हरात घाला. मऊ, वासाचं पीव्हीसी कव्हर नको, ते दमटपणात फिल्मला चिकटतं आणि चकाकते चट्टे पाडतं.

बीजाणू हवेत सगळीकडे असतात, त्यांना कायमचं मारणं घरात शक्य नाही. हातात आहे तो दमटपणा. सापेक्ष आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते, आणि किनाऱ्यावर पावसाळ्यात ती ८० च्या वर सहज असते. डांबरगोळ्या किडीसाठी असतात, त्यांनी ओल कमी होत नाही. उन्हात वाळवल्याने फिल्म वाकते आणि रंग उडतात. लोखंडी कपाट कितीही घट्ट बंद केलं तरी दमट हवा आत जातेच.

रबरी कड असलेला हवाबंद डबा घ्या, आत सिलिका जेल आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. ३० ते ५० टक्के हे लक्ष्य. त्याहून फार खाली नेऊ नका, जिलेटिन ठिसूळ होतं. सिलिका जेल रंग बदलणारं घ्या. निळं असेल तर ओल शोषून गुलाबी होतं. नारिंगीचाही रंग बदलतो, आणि त्यात कोबाल्ट नसतं म्हणून घरात तेच बरं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तापवून ते परत वापरता येतं, अर्थात डब्यातून बाहेर काढून. डबा बंद करायचा तो कोरड्या दिवसांत, उन्हाळ्यात किंवा थंडीत. जुलैत बंद केला तर जुलैची हवाच आत कोंडली जाते.

पाऊस सुरू झाला की डबा न उघडता, बाहेरूनच दिसेल असा लावलेला मापक आठवड्याला बघा. आकडा ५५ च्या पुढं गेला तर सिलिका जेल बदला. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली की प्रत्येक कव्हरातली एक पट्टी काढून काळ्या कागदावर तिरप्या उजेडात तपासा. लव दिसली तर तेवढंच कव्हर बाहेर, बाकीचा डबा लगेच बंद, आणि त्या पट्टीचं काम पहिल्यापासून: आधी स्कॅन, मग पाठ, मग कडेची चाचणी.